दार बंद होण्याआधी : रोह्यातल्या तरुणाने काम कधी बदलायचे?

२१ नोव्हेंबर २०२५ पासून देशात चार कामगार संहिता लागू झाल्या आणि २९ जुने कामगार कायदे त्यात विलीन झाले. त्यातल्या दोन तरतुदी धाटाव एमआयडीसीत शिफ्ट करणाऱ्या प्रत्येक तरुणाने समजून घेतल्या पाहिजेत. पहिली : कामगार कपात करायला किंवा कारखाना बंद करायला सरकारची आधी परवानगी घेण्याची अट पूर्वी १०० कामगारांच्या कारखान्याला होती, ती आता ३०० कामगारांपासून पुढे लागेल. दुसरी : ठरावीक मुदतीच्या नेमणुकीला आता कायद्यातच पक्की जागा मिळाली आहे. अशा कामगाराला एका वर्षाच्या सेवेनंतर ग्रॅच्युइटी मिळेल हा तिचा चांगला भाग. पण ‘परमनंट’ हा शब्द हळूहळू इतिहासजमा होणार, हेही त्यातून दिसते.

दुसरीकडे २८ ऑगस्ट २०२४ रोजी केंद्रीय मंत्रिमंडळाने १२ नवी औद्योगिक शहरे मंजूर केली. त्यात आपल्या रायगडमधील दिघी बंदर औद्योगिक क्षेत्र आहे. रोहा आणि माणगाव तालुक्यांतली सुमारे सहा हजार एकर जमीन आणि लाखाहून जास्त रोजगारांचा सरकारी अंदाज, असा हा प्रकल्प. म्हणजे आहे ते काम जाणे सोपे होते आहे आणि नव्या कामाचे आश्वासन दिले जाते आहे. या दोहोंच्या मध्ये आपला तीस-पस्तिशीतला मुलगा उभा आहे. आठ-दहा वर्षे ठेकेदाराच्या हजेरीवर, घरी दोन मुले, आणि मनात एकच प्रश्न : हे सोडू का? आणि सोडायचे तर कधी?

मोबाईलवरचे व्हिडिओ त्याला सांगतात, मनाचे ऐक. ज्याच्या वडिलांना पेन्शन आहे, गावात बागायत आहे, त्याने मनाचे खुशाल ऐकावे. आपल्या घरात एक महिना पगार चुकला तर किराण्याची उधारी वाढते. म्हणून या प्रश्नाचे उत्तर आपल्याला आपल्याच इतिहासात शोधावे लागेल. तिथे ते आहे.

दोन दारे बंद झाली, एक आपण बंद केले

कोकणातल्या आपल्या पूर्वजांना गावगाड्याबाहेर काढणारे पहिले मोठे दार लष्कराचे होते. १८९० च्या दशकाच्या सुरुवातीला महारांची लष्करभरती बंद झाली. महाड परिसरातले निवृत्त सैनिक गोपाळबाबा वलंगकर यांनी १८९४ मध्ये त्याविरुद्ध अर्ज तयार केला, पण दार लगेच उघडले नाही. दुसरे दार मुंबईच्या गिरण्यांचे. १८ जानेवारी १९८२ ला संप सुरू झाला आणि हजारो कुटुंबांसाठी तेही दार बंद झाले. दोन्ही वेळा निर्णय दुसऱ्यांनी घेतला आणि त्याची किंमत आपण मोजली.

तिसरी गोष्ट वेगळी आहे. महारकीचे वतन आपण स्वतः सोडले. बाबासाहेबांनी त्या कामाची तपासणी कशी केली ते पाहा. कामाला वेळेचे बंधन नाही. एकट्या वतनदाराला नव्हे, घरातल्या सगळ्यांना राबावे लागते. मोबदला बलुत्याचा, म्हणजे देणाऱ्याच्या मर्जीवर. आणि सर्वांत घातक म्हणजे, त्या तुटपुंज्या वतनी जमिनीची आशा माणसाला दुसरे काही करूच देत नाही. पोट अर्धे भरते, म्हणून पाय उचलत नाहीत.

पण बाबासाहेबांनी नुसते ‘सोडा’ म्हटले नाही. १९२८ मध्ये त्यांनी मुंबई कायदेमंडळात १८७४ च्या वतन कायद्यात दुरुस्ती सुचवणारे विधेयक मांडले. ज्याला वतनाच्या कामातून मोकळे व्हायचे आहे त्याला होता यावे आणि त्याची जमीनही हातची जाऊ नये, अशी त्यात वाट होती. ते विधेयक पुढे मागे घ्यावे लागले. १९३७ मध्ये त्यांनी पुन्हा प्रयत्न केला. कनिष्ठ गावकामगार वतने रद्द करणारा कायदा व्हायला १९५८ साल उजाडले. धडा स्पष्ट आहे : काम सोडायचे ते विचाराने ठरवायचे, आणि सोडताना आपला हक्क मागे ठेवायचा नाही.

वेळ झाली हे कसे ओळखायचे?

पहिली खूण, शिकणे थांबते. गिरण्यांत कापड विणण्याच्या खात्यात पगार जास्त होता. तिथे तुटलेला धागा तोंडाने ओढावा लागे, म्हणून अस्पृश्य कामगारांना त्या खात्यात घेत नसत. वर्षानुवर्षे काम करूनही जास्त पगाराचे कौशल्य हाती आले नाही. आज धाटावमध्ये स्वतःला विचारा : मी हेल्पर म्हणून आलो, पॅकिंग आणि लोडिंग केले, पाच वर्षांनंतर मशीनच्या पॅनेलवर मला कोणी उभे केले का? तीन वर्षांत नवे काहीच शिकलो नसेन, तर माझे फक्त वय वाढते आहे, अनुभव नाही.

दुसरी खूण, कागदावर आपण नसतो. ठेकेदार बदलतो, कामगार तोच राहतो, आणि सेवा पुन्हा पहिल्या दिवसापासून मोजली जाते. नव्या संहितांनुसार प्रत्येक कामगाराला नियुक्तिपत्र द्यायचे आहे. मागूनही ते मिळत नसेल, पगारातून पीएफ कापला जातो आणि पासबुकात दिसत नसेल, तर त्या कामाला भविष्य नाही.

तिसरी खूण शरीर देते. सप्टेंबर २०२४ मध्ये धाटावच्या एका रासायनिक कारखान्यातल्या स्फोटात कामगारांचे जीव गेले. ती बातमी झाली. रोजचा खोकला, हातावरची चट्टे पडलेली कातडी, रात्रपाळीने गेलेली झोप यांची बातमी होत नाही. औषधाचा खर्च ओव्हरटाइमच्या पैशातून भागवावा लागत असेल, तर हिशेब मांडायची वेळ आली आहे.

चौथी खूण स्पर्धा परीक्षा देणाऱ्यांसाठी. राज्यसेवेसाठी मागासवर्गीयांची वयोमर्यादा ४३ आहे, म्हणून ४३ पर्यंत थांबावे असा त्याचा अर्थ होत नाही. किती वर्षे आणि किती प्रयत्न, हे पहिल्याच दिवशी ठरवून घरच्यांना सांगावे. अभ्यास वाया जात नाही, पण त्याच्या जोडीला कमाईचे दुसरे काम न शिकलेली वर्षे परत येत नाहीत.

हे आपल्या कार्यकर्त्यांनाही लागू आहे. मानधन तीन-तीन महिने थकते, घर बायकोच्या कमाईवर चालते आणि आपण त्याला त्याग म्हणतो. तो त्याग कोणाचा, हे तिला विचारावे. पोटाचे काम वेगळे करून चळवळीला ठरलेला वेळ देणारा कार्यकर्ता कमी दर्जाचा नसतो. तो जास्त वर्षे टिकतो.

कधी सोडायचे नाही

सुपरवायझर जातीवरून बोलतो, बढतीत डावलतो, म्हणून राजीनामा देणे हे काम बदलणे नव्हे. ती माघार आहे. अपमानाची तक्रार लेखी करावी, साक्षीदार जोडावेत, गरज पडली तर अॅट्रॉसिटी कायद्याचा आधार घ्यावा. लढाई लढून मग काम बदलायचे असेल तर जरूर बदलावे. अन्याय झाला म्हणून निघून जाणे आणि काम संपले म्हणून निघणे, यांतला फरक ओळखला पाहिजे.

‘बुद्ध आणि त्याचा धम्म’ या ग्रंथात बाबासाहेबांनी सिद्धार्थाचा गृहत्याग कसा मांडला आहे, ते इथे आठवावे. रोहिणी नदीच्या पाण्यावरून शाक्य आणि कोलिय यांच्यात वाद झाला. सिद्धार्थाने संघात युद्धाला विरोध केला, बहुमत विरुद्ध गेले, आणि परिणामांचा विचार करून त्याने परिव्रज्या स्वीकारली. तेव्हा तो २९ वर्षांचा होता. आईवडिलांशी बोलून, यशोधरेशी बोलून तो निघाला. मध्यरात्री झोपलेल्या घराला सोडून जाण्याची कथा बाबासाहेबांनी नाकारली. आपल्यासाठी ही मोठी शिकवण आहे. आयुष्याचा रस्ता बदलायचा तर दिवसाउजेडी, कारण सांगून, घरच्यांना बरोबर घेऊन.

निघण्याआधी

किमान चार महिन्यांचा घरखर्च बाजूला ठेवावा. पीएफचा यूएएन क्रमांक आणि आधार यांतली नावे जुळतात का ते पाहावे. काम सुटले की पीएफ काढून टाकायची घाई आपल्याकडे फार आहे. पेन्शन योजनेत एकूण दहा वर्षे भरली तर ५८ व्या वर्षी मासिक पेन्शनचा हक्क मिळतो. आठव्या वर्षी पैसे काढून गाडी घेतली की तो हिशेब पुन्हा शून्यापासून. म्हणून खाते नव्या नोकरीत वर्ग करावे. अनुभवाचा दाखला, पगाराच्या पावत्या, वैद्यकीय तपासणीचे कागद कामावर असतानाच गोळा करावेत. गेटपास गेल्यावर ऑफिसात कोणी ओळख देत नाही.

पण सगळा भार एकट्या तरुणावर टाकून चालणार नाही. कोकणात आपल्या प्रत्येक गावाची गाव शाखा आहे, मुंबई शाखा आहे. जयंतीचा आणि पौर्णिमेचा जमाखर्च आपण पै-पैचा ठेवतो. तशीच एक वही विहारात असावी : गावातला कोण कुठे कामाला आहे, कोणाला कोणते काम येते, कोणाला बदल हवा आहे. वर्षावासात ग्रंथवाचनाला जमतो तेव्हा महिन्यातली एक संध्याकाळ आयटीआय, बार्टीची प्रशिक्षणे आणि महात्मा फुले महामंडळाच्या योजनांसाठी द्यावी. दिघीचे कारखाने उभे राहतील तेव्हा इलेक्ट्रिशियन, फिटर, केमिकल प्लांट ऑपरेटर लागतील. ते बाहेरून येणार आणि आपली मुले गेटवर सिक्युरिटीला उभी राहणार, की पॅनेलसमोर बसणार, हे पुढच्या चार-पाच वर्षांत ठरेल. प्रशिक्षणाला दोन वर्षे लागतात. म्हणजे तयारी आताच सुरू करावी लागेल.

लष्कराचे आणि गिरणीचे दार बंद झाले तेव्हा आपल्याला आधी कळले नव्हते. या वेळी कायदा छापून आला आहे, नकाशा तयार आहे. येत्या पौर्णिमेला ती वही उघडा आणि पहिल्या पानावर आपल्या वस्तीतल्या कंत्राटी कामगारांची नावे लिहा.

जय भीम!