मीटर कपाटात कोंडू नका

पाइपचा गॅस आला की सिलिंडरची चिंता मिटते. मग मॉड्युलर किचनचा सुतार मीटर कपाटात कोंडतो आणि तपासणीला आलेल्या माणसाला आपण ‘नंतर या’ म्हणतो. हा गॅस मुख्यतः मिथेन. सिलिंडरच्या गॅससारखा जमिनीलगत न साचता तो वर चढतो. म्हणून झरोका उंचावर हवा. थंडीत तो बुजवून गॅस गिझर लावणाऱ्या घरांतून बेशुद्ध रुग्ण आमच्याकडे येतात. गळतीला मुद्दाम मिसळलेला वास तरी असतो. अपुऱ्या ज्वलनातून निघणाऱ्या कार्बन मोनॉक्साइडला तोही नाही. बोटावरचा ऑक्सिमीटरही तेव्हा फसतो, आकडा चांगला दाखवतो! तपासनीस आला की डबे बाजूला करून मीटर, व्हॉल्व्ह दाखवा आणि रबरी नळीची मुदतही त्याच्याकडूनच पाहून घ्या.