यंत्र नवे आले. जुन्या नोंदींचे काय?



विंडोज 10 या प्रणालीचा नेहमीचा आधार मायक्रोसॉफ्ट कंपनीने 14 ऑक्टोबर 2025 रोजी थांबविला. त्यानंतर देशभर कचेऱ्या-कचेऱ्यांतून जुनी संगणक यंत्रे हलू लागली आणि नवी येऊ लागली. आमच्या शाखेच्या कचेरीतही वर्गणीच्या पैशातून नवे यंत्र घेतले. हार घातला, नारळ फोडला, पेढे वाटले. पुढच्या आठ दिवसांत जे घडले ते सर्व शाखांना उपयोगी पडेल, म्हणून या वेळचे संपादकीय त्यालाच देत आहोत.

आमचे सभासद-रजिस्टर फॉक्सप्रो नावाच्या जुन्या डॉस प्रोग्रॅममध्ये आहे. नव्वदच्या दशकात एका तरुण बुकिंग क्लार्कने ड्युटी संपल्यावर रात्री बसून ते तयार केले होते. जुन्या यंत्रात विंडोजची 32 बिटची आवृत्ती होती, तिच्यावर हा प्रोग्रॅम इतकी वर्षे मुकाट्याने चालला. नव्या विंडोज 11 ची फक्त 64 बिटचीच आवृत्ती निघते, आणि तिच्यावर डॉसचे जुने प्रोग्रॅम चालत नाहीत. दुकानदाराच्या मुलाने तोड काढली. रजिस्टरची मुख्य फाईल उचलून त्याने एक्सेलच्या तक्त्यात आणली. नावे आली, पदे आली, वर्गणी आली. तो म्हणाला, "काका, झाले काम. जुने यंत्र मी घेऊन जातो."

आमचे खजिनदार सेवानिवृत्त पार्सल क्लार्क आहेत. चलन आणि माल यांचा मेळ बसल्याशिवाय सही न करण्याची त्यांची सवय अजून गेलेली नाही. त्यांनी कपाटातून कागदी रजिस्टर काढले आणि एकेक ओळ जुळवायला बसले. तिसऱ्याच पानावर लक्षात आले की, शेऱ्याचा रकाना पार कोरा आहे.

त्या शेऱ्यात काय होते? ज्यांनी गँगमध्ये हंगामी मजूर म्हणून उमेदवारी केली, त्यांना टेम्पररी स्टेटस कोणत्या तारखेस मिळाले ते त्यात होते. त्या तारखेपासून कायम होईपर्यंतची निम्मी सेवा निवृत्तिवेतनाच्या हिशेबात धरली जाते. मजुराच्या हातचे कार्ड पावसात भिजते, घर पडते, पेटी चोरीला जाते. कित्येकांच्या बाबतीत ही तारीख आता युनियनच्या रजिस्टराखेरीज कोठेही सापडायची नाही. फॉक्सप्रोमध्ये असा लांबलचक मजकूर मुख्य फाईलमध्ये नसतो. तो त्याच नावाच्या, पण वेगळ्या शेपटीच्या दुसऱ्या फाईलमध्ये असतो. मुलाने एक फाईल उचलली, दुसरी मागे राहिली. यंत्र त्या दिवशी दुकानात गेले असते, तर डिस्क पुसली जाऊन ती फाईलही गेली असती. निवृत्तीला आलेल्या एखाद्या गँगमनच्या सेवेतील काही वर्षे त्याच्या नकळत गळून पडली असती.

दुसरा घोळ तारखांचा झाला. आमच्या तारखा साध्या अक्षरांत, आधी दिवस मग महिना, अशा लिहिलेल्या. नव्या यंत्रात अमेरिकी पद्धत लागलेली होती, आधी महिना मग दिवस. त्यामुळे 4 नोव्हेंबरचा 11 एप्रिल झाला. 25 नोव्हेंबर मात्र होता तसाच राहिला, कारण पंचविसावा महिना नसतो. म्हणजे काही तारखा बरोबर आणि काही उलट. वरवर पाहणाऱ्यास सगळेच ठीक दिसले असते.

तिसरा घोळ मराठीचा झाला. जुनी निवेदने आणि ठराव आम्ही त्या काळच्या मराठी फॉन्टमध्ये टाईप केले होते. नव्या यंत्रात तो फॉन्ट नाही, म्हणून पडद्यावर इंग्रजी अक्षरे आणि खुणांचा खच उमटला. ते युनिकोडमध्ये बदलून देणारे प्रोग्रॅम मिळतात, परंतु रफार आणि जोडाक्षरे ते बऱ्याचदा चुकवतात. एकाने वाचायचे आणि दुसऱ्याने तपासायचे, याला पर्याय नाही.

शेवटी मार्ग निघाला. डॉसबॉक्स नावाचा एक फुकट प्रोग्रॅम नव्या यंत्रातच जुन्या डॉसचे वातावरण उभे करतो. दोन्ही फायली नेल्यावर आमचे फॉक्सप्रो त्यात चालू झाले, शेरे परत दिसले आणि मग शांतपणे, तपासून, नवा तक्ता तयार केला. जुने यंत्र आजही कोपऱ्यात झाकून ठेवले आहे.

मित्रहो, एका खोलीच्या कचेरीत जर एवढे घडते, तर आपल्या खात्यांत काय घडत असेल? रेल्वेच्या आरक्षणात 1980 च्या दशकात संगणक आला. त्या वेळी आपल्यातील अनेकांनी विरोध केला, कारण नोकऱ्या जाण्याची भीती होती आणि ती अगदीच खोटी ठरली असे म्हणता येत नाही. पुढे कॉन्सर्ट प्रणाली आली आणि 1999 मध्ये देशातील आरक्षण केंद्रे एकमेकांस जोडली गेली. टपाल खात्यात बचत बँकेची खाती संचय पोस्टमधून फिनॅकलमध्ये नेण्याचे काम 2013 च्या अखेरीपासून टप्प्याटप्प्याने झाले, आणि ऑगस्ट 2025 मध्ये देशभर नवी एपीटी प्रणाली आली. प्रत्येक वेळी उद्घाटनाची फीत एकाने कापली, आणि पहिल्या दिवशी खिडकीवरच्या रांगेचे बोलणे दुसऱ्याने खाल्ले. तो दुसरा म्हणजे आपला काउंटरवरचा माणूस. जुन्या नोंदी नव्या प्रणालीत भरण्याचे काम त्यानेच ड्युटी संपल्यावर आणि रविवारी केले. यंत्राच्या घोळाने रोकड कमी भरली, तर वसुली त्याच्याच पगारातून!

आमचा यंत्राला विरोध नाही. परंतु यंत्र बदलताना पुढील गोष्टी पाळल्या जाव्यात, अशी आमची मागणी आहे. नवी प्रणाली चालू झाल्यावर काही काळ जुनी शेजारी चालू ठेवावी आणि दोहोंचा मेळ रोज घ्यावा. मेळ बसल्याचे लेखी झाल्याशिवाय जुनी डिस्क पुसू नये. प्रशिक्षण ड्युटीच्या वेळेत द्यावे आणि नोंदी भरण्याच्या जादा कामाचा मोबदला मिळावा. बदलाच्या काळातील तूट चौकशीशिवाय कर्मचाऱ्यावर टाकू नये.

आणि काही काम आपल्या स्वतःच्याही हातचे आहे. रेल्वे बांधवांनी एचआरएमएसवरील आपली सेवा-नोंद उघडून पाहावी. जन्मतारीख, नेमणूक, पदोन्नती, वारसाचे नाव या बाबी जुन्या सर्व्हिस शीटशी जुळतात का, ते तपासावे आणि चूक दिसल्यास लेखी अर्ज देऊन त्याची पोच घ्यावी. टपाल बांधवांनीही आपली सेवापुस्तिका आणि रजेचा हिशेब असाच तपासावा. ज्यांना संगणक हाताळता येत नाही, त्यांच्याजवळ शाखेच्या तरुण सभासदाने बसावे. प्रत्येक शाखेने आपल्या रजिस्टराची एक छापील प्रत कपाटात ठेवावी आणि एक प्रत दुसऱ्या शाखेकडे द्यावी.

निवृत्तीच्या दिवशी चूक सापडून उपयोग नसतो, कारण तोवर साक्षीदारही निवृत्त झालेले असतात. म्हणून पुढील मासिक सभेत हा विषय पहिला घ्यावा आणि किती सभासदांच्या नोंदी तपासून झाल्या, तो आकडा शाखा चिटणीसांनी आम्हांस कळवावा.