हॉस्पिटलमध्ये कुत्रा कशाला? थेरपी डॉग डॉक्टर-नर्सचाही ताण कमी करतात का?

गळ्यात आयकार्ड घातलेला लॅब्राडॉर हॉस्पिटलच्या कॉरिडॉरमधून रुबाबात चाललाय आणि नर्स हातातलं काम सोडून त्याच्यापाशी फतकल मारून बसल्यात. असं एखादं रील तुमच्याही फीडवर आलं असेल. त्याखाली एक कमेंट ठरलेली: 'आमच्या सिव्हिलमध्ये रोज येतात, तेही फुकट!'

जोक बरा आहे, पण रीलमधला कुत्रा भटका नसतो. तो थेरपी डॉग. अंध व्यक्तीला वाट दाखवणारा गाइड डॉग एकाच माणसासाठी तयार केलेला असतो. थेरपी डॉग मात्र बहुतेकदा कुणाच्या तरी घरचा पाळीव कुत्राच असतो. तो स्वभावाच्या परीक्षेत पास झाला की मालक त्याला घेऊन वॉर्डात फिरतो, शक्यतो विनामोबदला. अमेरिकेत इलेन स्मिथ या नर्सने १९७६ मध्ये अशा कुत्र्यांसाठी संस्था सुरू केली होती.

खरंच फरक पडतो का?

कॅनडातल्या सस्कॅचेवानमध्ये इमर्जन्सी विभागातल्या पेशंटना दहा मिनिटं थेरपी डॉग भेटवला. वेदना आणि चिंता कमी झाल्याचं पेशंटनी सांगितलं. हा अभ्यास २०२२ मध्ये प्रसिद्ध झाला. यात एक गोची आहेच. गोळीच्या चाचणीत खरी कोणती आणि खोटी कोणती हे लपवता येतं, पलंगाशेजारी बसलेला कुत्रा कसा लपवणार?

स्टाफचं काय? अमेरिकेतल्या इंडियानात इमर्जन्सीच्या डॉक्टर-नर्सना शिफ्टच्या मधेच पाच मिनिटं दिली. काहींना कुत्रा, काहींना रंगवायला मंडल. २०२० मध्ये आलेल्या निष्कर्षांनुसार कुत्र्याजवळ बसलेल्यांना ताण कमी जाणवला. फरक छोटा होता.

रीलमध्ये न दिसणारी गोष्ट

२०१८ मध्ये मांडलेल्या एका अभ्यासासाठी जॉन्स हॉपकिन्सच्या संशोधकांनी कॅन्सरवर उपचार घेणारी ४५ मुलं आणि ४ थेरपी डॉग तपासले होते. कुत्र्याशी जास्त जवळून खेळलेल्या मुलांच्या अंगावर एमआरएसए, म्हणजे नेहमीच्या अँटिबायोटिक्सना दाद न देणारा जंतू, सापडण्याची शक्यता सहापट होती. कुत्रा आजारी नव्हता. एका मुलाच्या हातावरचे जंतू त्याच्या केसांवरून दुसऱ्याकडे जात असावेत, असा अंदाज होता. उपाय साधा निघाला: भेटीआधी जंतुनाशक शाम्पू आणि मधूनमधून वाइप्सने पुसणं. अमेरिकेतल्या संसर्गतज्ज्ञांच्या २०१५ च्या सूचनाही अशाच काटेकोर आहेत. कुत्रा किमान वर्षाचा हवा, हात लावण्याआधी आणि नंतर सॅनिटायझर हवं आणि भेट एका तासापेक्षा जास्त नको.

म्हणजे कुत्र्याची ड्युटी तासाभराची. ज्यांना तो धीर द्यायला येतो त्यांची किती, हा प्रश्न मात्र तसाच राहतो. हॉस्पिटलने स्टाफ न वाढवता फक्त लॅब्राडॉर आणला, तर तो पीआर झाला. आपल्याकडे मार्डचे निवासी डॉक्टर संपावर जातात तेव्हा त्यांच्या मागण्या सुरक्षा, वसतिगृह आणि वेळेवर विद्यावेतन अशा असतात.