इंजिन खोलण्याआधी तपासणीचे पैसे मोजा

चंद्रपूर आणि गडचिरोली जिल्ह्यांतील आठवडी बाजारात कापड विकणाऱ्याचा खरा भागीदार कोण, असे विचारले तर आम्ही जुन्या जीपचे नाव घेऊ. महिंद्राची एमएम ५४०, कमांडर, मेजर या गाड्यांनी अहेरी, एटापल्ली, भामरागड, सिरोंचा या भागातला व्यापार वर्षानुवर्षे ओढला. मोठ्या रस्त्यांवर आता पिकअप गाड्या आल्या आहेत, परंतु आतल्या कच्च्या वाटांवर उरलेल्या जीपा अजूनही माल आणि माणसे वाहतात. यांपैकी अनेक गाड्या वयापेक्षा चुकीच्या निदानामुळे भंगारात गेल्या, असे आमचे स्पष्ट मत आहे.

याचा दोष मिस्त्रीच्या नियतीला देणे सोपे आहे. पण जरा हिशेब मांडून पाहा. मिस्त्रीने अर्धा तास कान लावून इंजिन ऐकले, धूर पाहिला, एक नट आवळला आणि गाडी सुरू केली, तर आपण त्याच्या हातावर चहाचे पैसे ठेवतो. त्याच मिस्त्रीने हेड उतरवले, रिंग-पिस्टन बदलले, तर हजारो रुपये मुकाट्याने मोजतो. म्हणजे हुनराला दाम नाही, खोलण्याला आहे. मग तो खोलणारच! कापडाचा धंदा करणारा माणूस थान उजेडात धरतो, पोत पाहतो, दोनदा मोजतो आणि मगच कात्री लावतो. इंजिनाला पाना लावण्याआधी एवढी सबुरी का नसावी?

तपासणी म्हणजे काय, ते मालकानेही समजून घ्यावे. डिझेल इंजिनाला मुख्यतः तीन गोष्टी लागतात : स्वच्छ डिझेल, पुरेशी हवा आणि दाब. बिघाड शोधताना स्वस्त आणि बाहेरून दिसणाऱ्या गोष्टींपासून सुरुवात करावी, हा जुन्या उस्तादांचा नियम आहे. सेल्फ जोरात फिरत नसेल तर आधी बॅटरीची टोके आणि अर्थिंगची तार साफ करावी. सेल्फ नीट फिरतो पण इंजिन पकडत नाही, किंवा चालता चालता दम तोडते, तेव्हा डिझेलची वाट तपासावी. फिल्टरवरचा एअर स्क्रू सैल करून हातपंप मारावा. फेस आला तर कुठून तरी हवा शिरते आहे. आतल्या गावांत पिंपातले डिझेल भरावे लागते. त्यात पाणी आणि गाळ असतो. म्हणून फिल्टरच्या तळाचा स्क्रू सैल करून साचलेले पाणी वरचेवर काढणे हे इंजिन ऑइल पाहण्याइतकेच महत्त्वाचे आहे. प्यूजो बनावटीच्या जुन्या इंजिनांना सुरू होताना हीटर प्लगचा आधार लागतो. डिसेंबरच्या थंडीत पहाटे इंजिन खोकत उठत असेल तर आधी ते प्लग पाहावेत.

एखादा सिलिंडर काम करत नसेल तर इंजिन संथ चालू ठेवून एकेका नोझलच्या पाइपचा नट किंचित सैल करतात. ज्याचा नट सैल केल्यावर आवाजात फरक पडत नाही, तोच आळशी! मात्र ते डिझेल फार दाबाने येते आणि कातडीत घुसू शकते, म्हणून हे काम जाणकारानेच करावे आणि हात दूर ठेवावा.

धूरही बोलतो. काळा धूर म्हणजे डिझेल जास्त किंवा हवा कमी. आपल्या धुळीच्या रस्त्यांवर पहिला संशय एअर फिल्टरवर घ्यावा, नोझलवर नंतर. निळा धूर म्हणजे इंजिन ऑइल जळते आहे. पांढरा धूर म्हणजे डिझेल न जळताच बाहेर पडते आहे, आणि रेडिएटरचे पाणीही घटत असेल तर गॅस्केटची शंका घ्यावी.

गरम होण्याच्या तक्रारीत आपल्या जिल्ह्यांचा स्वतःचा वाटा आहे. मे महिन्यात चंद्रपूरचा पारा ४६-४७ अंशांपर्यंत जातो. रानवाटेवर गवताचे बी आणि धूळ रेडिएटरच्या जाळीत भरते. ज्या भागातल्या चुनखडीवर सिमेंटचे कारखाने चालतात, तिथले विहिरीचे पाणी वर्षानुवर्षे ओतले की आत क्षारांचा थर बसतो. म्हणून जाळी, फॅन बेल्ट, होज पाइप, थर्मोस्टॅट आणि पाण्याचा पंप पाहिल्याशिवाय हेडला हात लावू नये. इंजिन थंड असताना रेडिएटरचे झाकण काढून गाडी सुरू केली आणि पाण्यात सतत बुडबुडे येत राहिले, तर गॅस्केटचा संशय बळावतो. गरम असताना झाकण उघडू नये, चेहरा भाजतो.

२०११ साली दिवाळीच्या तोंडावर आमची मालाने भरलेली जीप एटापल्लीच्या रस्त्यावर वारंवार बंद पडू लागली. एका गॅरेजने ‘पंप गेला’ म्हणून निकाल दिला. पंप उतरला, दुरुस्तीला गेला, आठ दिवस गेले, बाजार बुडाले. पंप परत बसवल्यावर दुखणे तेच! शेवटी एका वयस्क मिस्त्रीने पाइपच्या जोडावरचा तांब्याचा वॉशर बदलला. तिथूनच हवा शिरत होती. वॉशरची किंमत काही रुपये, आणि सणाचा बुडालेला धंदा मात्र परत येत नाही.

आलापल्लीहून भामरागड सुमारे ६५ किलोमीटर. या वाटेवर अनेक ठिकाणी मोबाइल लागत नाही. इथे गाडी बंद पडणे म्हणजे नुसता मालाचा खोळंबा नव्हे. त्याच गाडीत बाजाराला आलेली माणसे असतात, कधी दवाखान्यात निघालेला आजारीही असतो.

काही मित्र म्हणतात, जुने कशाला सांभाळता, नवी गाडी घ्या. ज्याला परवडते त्याने जरूर घ्यावी. जुन्या गाडीचा धूर जास्त असतो, १५ वर्षांनंतर फिटनेस तपासून नोंदणीचे नूतनीकरण करावे लागते, आणि २०२२ पासून त्याचे शुल्कही बरेच वाढले आहे. परंतु नव्या इंजिनाचा बिघाड शोधायला स्कॅनर लागतो. जुनी जीप पाना, कान आणि डोळे यांवर भागते. जोवर ती कायद्यात बसते आणि रोजी मिळवून देते, तोवर तिची कदर करावी. तसेच ऑइल भरण्याच्या तोंडातून धुराचे लोट येत असतील, ऑइल वरचेवर घटत असेल, गरम झाल्यावर ऑइलचा दाब पडत असेल आणि कॉम्प्रेशन गेजही तेच सांगत असेल, तर इंजिन खोलायला मागेपुढे पाहू नये. तिथे कंजुषी केली तर क्रँकही जातो.

आमची व्यापारी बांधवांना विनंती आहे. तपासणीची मजुरी वेगळी ठरवा आणि इंजिन न खोलताही ती पूर्ण द्या. काढलेले भाग परत मागा, बिल घ्या. उधारीची वही आपण पै-पैशाने लिहितो, तशी गाडीची वहीही ठेवा. डिझेल किती, ऑइल किती घटले, पाणी कधी टाकले, हे त्यात असावे. अशी वही मिस्त्रीपुढे ठेवली तर त्याचे निम्मे काम तिथेच होते.

आणि गॅरेजमध्ये राबणाऱ्या आपल्या मुलांसाठी एक गोष्ट. त्यांच्या हातात हुनर आहे, पण साधने नाहीत. आयटीआयमध्ये डिझेल मेकॅनिकचा एक वर्षाचा अभ्यासक्रम आहे, तिथे त्यांना पाठवा. बाजार करणाऱ्या चार-पाच दुकानदारांनी वर्गणी काढून एक कॉम्प्रेशन गेज घेऊन दिला, तरी अनेक इंजिने नाहक खोलली जाणार नाहीत. ज्या दिवशी मिस्त्रीला ‘काही खोलायची गरज नाही’ हे सांगण्याचेही पैसे मिळतील, त्या दिवसापासून तो ते बेधडक सांगू लागेल.