नक्कल कोणाची खपवून घ्यावी?

न्हावा शेवा बंदरात 1989 पासून कंटेनर उतरत आहेत. एखाद्यात नऊ फुटी, सुमारे 480 किलोचा स्टाइनवे पियानो असेलही. तो आमच्या वस्तीकडे वळणार नाही. म्हणूनच संगणकावरील पियानोला 'नक्कल' म्हणून नाके मुरडणारे आमचे रसिक मित्र आम्हांस ढोंगी वाटतात. 2006 साली आलेले 'पियानोटेक' हे सॉफ्टवेअर ध्वनिमुद्रित स्वरांचे तुकडे वाजवीत नाही. हातोडी, तार आणि लाकडी फळी यांचे कंपन गणिताने मांडून स्वर तत्क्षणी घडविते. जे वाद्य आपल्या दारी कधी आलेच नाही, त्याची ही ओळख. तिने आपले काय हिरावले?

हिरावले जात आहे ते मिरजेचे. तेथील तंबोऱ्याला 2024 मध्ये भौगोलिक मानांकन मिळाले, आणि हेच मित्र (शुद्धतेचे कैवारी!) रियाजाला मोबाइलवरचा तंबोरा लावून बसतात. घोडीवरचा दोरा केसभर सरकवून जवारी शोधताना जो कान घडतो, तो तयार आवाजाने घडत नाही. येथे 'परवडत नाही, मिळत नाही' ही सबब नको. मिरज मुंबईहून रेल्वेने एका रात्रीच्या अंतरावर आहे.