गुडघ्याचे दुखणे

आठवीतल्या एका मुलीने गुडघा दुखतो म्हणून पी.टी.च्या तासाला सुट्टी मागितली. दोनदा आम्ही दिली, तिसऱ्यांदा रागावलो. मुले सबबी सांगतात, हा आमचा इतक्या वर्षांचा अनुभव. या वेळी तो आमच्याच अंगलट आला.

घरी तोवर तेल, शेक, हाडवैद्याकडून चोळून घेणे, सगळे झाले होते. चोळून सूज वाढलीच. खेळताना लागलेला मार दिवसागणिक कमी होतो. हे दुखणे वाढत होते आणि रात्री झोपेतून उठवत होते. अखेर एक्स-रे काढला. मांडीच्या हाडाच्या खालच्या टोकाला, गुडघ्याच्या अगदी वर, गाठ. ऑस्टिओसार्कोमा, म्हणजे हाडाचा कर्करोग. तो बहुधा दहा ते वीस या वयात आणि हाड जिथे भराभर वाढते तिथे होतो. ती जागा म्हणजे गुडघ्याच्या वर-खालचा भाग. तिथली प्रत्येक गाठ अशी नसते. पंचविशी-तिशीत होणारा जायंट सेल ट्यूमर सहसा कर्करोग नसतो. तो खरवडून पोकळीत हाडाचे सिमेंट भरतात.

दादींनी पहिला प्रश्न विचारला, "पाय कापणार का?" पन्नास-साठ वर्षांपूर्वी उत्तर बहुधा 'हो' असे. आणि पाय कापूनही पाचांतले चार वाचत नसत, कारण आजार गुपचूप फुप्फुसात पोचलेला असे. केमोथेरपीने हे बदलले. आता आधी काही आठवडे केमो, मग शस्त्रक्रिया, मग पुन्हा केमो. गाठ असलेला हाडाचा भाग भोवतीच्या निरोगी मांसाच्या थरासह काढतात आणि त्या जागी धातूचे हाड व बिजागरीचा गुडघा बसवतात. मुख्य रक्तवाहिन्या आणि नसा वाचवता आल्या, तर पाय राहतो. आजार पसरलेला नसेल आणि उपचार पूर्ण झाले, तर दहांतली सहा-सात मुले वाचतात.

पालकांनो, बायोप्सी मात्र घाईने कुठेही करू नका. सुई ज्या वाटेने जाते ती वाटही पुढे गाठीबरोबर काढावी लागते. ती भलत्या जागी पडली, तर वाचणारा पाय जाऊ शकतो. जिथे ऑपरेशन होणार, तिथल्याच डॉक्टरांनी ती करावी. हिची परळच्या टाटा मेमोरियलमध्ये झाली, ऑपरेशनही तिथेच.

पाय वाचला. उकिडवे बसायचे नाही, धावायचे नाही. दादींना सजद्याची काळजी होती. मौलानासाहेब म्हणाले, खुर्चीवर बसून, इशाऱ्याने. त्यांचे समाधान झाले. आम्ही मुलीची माफी मागितली, तर म्हणाली, "टीचर, मला तरी कुठे माहीत होतं?"

यंदा ती दहावीला आहे. पुढच्या महिन्यात तिच्या छातीचा सीटी स्कॅन आहे. दुआ करा.