दोर किती सोडायचा?

शिडाची होडी नव्यानेच घेतलेली मंडळी इंटरनेटवर अनोळखी जाणकारांना विचारतात, नांगराचा दोर किती सोडायचा? उत्तर येतं, खोलीच्या पाचपट. बरोबर, पण खोली कधीची? मुंबई बंदरात उधाणाला भरती-ओहोटीत ४ मीटरचा फरक सहज पडतो. ओहोटीला ३ मीटर पाणी पाहून १५ मीटर दोर सोडला, की सहा तासांनी ७ मीटर पाण्यात तो जेमतेम दुप्पट उरतो आणि वारा वाढला की नांगर घसरतो. भूमध्य समुद्रातल्या सल्लागाराला हे सुचायचंही नाही. तिथे बहुतेक ठिकाणी भरती नावापुरतीच. सल्ला देणाऱ्याने आधी विचारायलाच हवं: कुठे आहेस, तळाला चिखल आहे की खडक? आणि नवख्यांनो, ससून डॉकवरच्या तांडेलांनाही गाठा. १ जूनपासून दोन महिने मासेमारी बंद असते, तेव्हा ते निवांत बोलतात.